रक्त कमी की मज्जा बिघडलेली?

रक्ततपासणीच्या छापील अहवालात हिमोग्लोबिनच्या चार ओळी खाली ‘एमसीव्ही’ नावाचा एक आकडा असतो. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगणारा हा आकडा साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असावा, अशी अपेक्षा. रुग्ण तो वाचत नाही. घाईतला डॉक्टरही बरेचदा हिमोग्लोबिनवर नजर टाकतो, ‘रक्त कमी आहे’ म्हणतो, लोहाच्या गोळ्या लिहून देतो आणि पालक, बीट, खजूर खायला सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतो. बहुतेक वेळा हे बरोबरही ठरते, कारण आपल्याकडच्या रक्तक्षयामागे लोहाची कमतरता हे सर्वांत मोठे कारण आहे. पण लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. सत्तरीतल्या एखाद्याचे हिमोग्लोबिन ८ आणि पेशींचे आकारमान १०८ असा अहवाल येतो, तेव्हा तो काही वेगळे सांगत असतो. त्याकडे लक्ष गेले नाही तर पुढचा प्रवास ठरलेला: सहा महिने गोळ्या, मग टॉनिक, मग एक बाटली रक्त, चार आठवडे बरे, पुन्हा धाप, पुन्हा रक्त. ‘वयामुळे होते असे’ हे वाक्य घरातही बोलले जाते आणि दवाखान्यातही.

मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींशी मुंबईचे नाते जुने आहे. ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या, त्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमधल्या अशाच रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिला की या बायका सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या यीस्टमधला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. आज आपल्याकडे फॉलिक आम्लापेक्षा ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता अधिक आढळते, विशेषतः शाकाहारी आणि वयस्कर लोकांत. तीही तांबड्या पेशी मोठ्या करते. इतकेच नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेचे रूप इतके वेडेवाकडे करते की पाहणाऱ्याने रक्ताच्या कर्करोगाची शंका घ्यावी. म्हणून मोठ्या पेशी दिसल्या की आधी बी १२, फॉलिक आम्ल, थायरॉइड, यकृत, मद्यपान आणि चालू औषधे यांची चौकशी करायची. बी १२ ची कमतरता असेल तर इंजेक्शननंतर आठवड्याभरात मज्जा नव्या पेशी सोडू लागते आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येते. ज्यांचे येत नाही, आणि ज्यांच्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही घसरलेल्या असतात, त्यांची मज्जा तपासावी लागते. एवढ्या साध्या पायरीपाशी आपल्याकडे अनेकांचे एखाद-दुसरे वर्ष जाते.

मज्जेच्या या तपासणीत जो आजार सापडू शकतो, त्याचे नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, थोडक्यात एमडीएस. निरोगी प्रौढाची अस्थिमज्जा दररोज सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते. एमडीएसमध्ये हा कारखाना बंद पडलेला नसतो. उलट बहुतेकांची मज्जा पेशींनी गच्च भरलेली असते. पण माल सदोष निघतो, पुष्कळ पेशी बाहेर पडण्याआधी आतच मरतात आणि रक्तात मात्र टंचाई दिसते. साधारण एक तृतीयांश रुग्णांत हा आजार पुढे तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे रूप घेतो. उरलेल्यांना धोका असतो तो जंतुसंसर्गाचा, रक्तस्रावाचा आणि वरचेवर रक्त चढवावे लागण्याचा. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णाचे वय सत्तरीच्या आसपास असते. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत हे वय दहा-पंधरा वर्षांनी कमी दिसते. याचा अर्थ आपल्याकडे हा केवळ निवृत्तांचा आजार नाही. घरचा कर्ता माणूसही त्यात सापडतो.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. १९९४ च्या अखेरीस त्यांच्या पत्नीला त्यांच्या दंडावरचा एक काळानिळा डाग खटकला. कित्येक आठवडे झाले तरी तो जात नव्हता. त्यांच्या आग्रहाने रक्त तपासले गेले आणि एमडीएसचे निदान झाले. सेगन यांना तोवर काहीच त्रास नव्हता. बहिणीची मज्जा तंतोतंत जुळली. दोन वर्षांत तीन वेळा प्रत्यारोपण झाले आणि २० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या मज्जेत नेमके कोणते जनुक बिघडले होते, हे पाहण्याची सोय तेव्हा जगातल्या उत्तमोत्तम रुग्णालयांतही नव्हती. गुणसूत्रे मोजता येत, पेशींचे रूप पाहता येई, आणि अपरिपक्व पेशींची टक्केवारी काढता येई.

ही टक्केवारी आजही निदानाचा कणा आहे. मज्जेतल्या अपरिपक्व पेशी, ज्यांना ‘ब्लास्ट’ म्हणतात, २० टक्क्यांच्या खाली असतील तर एमडीएस, २० किंवा अधिक असतील तर ल्युकेमिया. पण ही रेषा माणसाने आखली आहे. १९८२ च्या वर्गीकरणात ती ३० टक्क्यांवर होती, या शतकाच्या सुरुवातीला ती २० वर आली आणि २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने १० ते १९ टक्क्यांसाठी दोन्ही आजारांची नावे जोडलेला वेगळाच कप्पा केला. १८ टक्के आले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे आणि २१ आले म्हणून कोसळणारे कुटुंब या दोघांच्या रुग्णांत जैविक अंतर फारच थोडे असू शकते.

ते किती थोडे, हे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. ज्यांचा एमडीएस पुढे ल्युकेमियात बदलला, अशा सात जणांच्या दोन्ही टप्प्यांवरच्या मज्जेतले जनुकीय बदल त्यांनी तपासले. एमडीएसच्या टप्प्यावर, ब्लास्ट थोडे असतानाही, मज्जेतल्या सुमारे ८५ टक्के पेशी एकाच बिघडलेल्या मूळ पेशीच्या वंशज निघाल्या. म्हणजे ज्याला ‘कर्करोगपूर्व अवस्था’ म्हटले जात होते, त्या अवस्थेत मज्जेचा ताबा आधीच गेलेला होता. ल्युकेमिया झाला तेव्हा तो जुना वंश नाहीसा झाला नाही. त्यातूनच डझनावारी ते शेकडो नवे बदल अंगावर घेतलेली एक उपशाखा फुटली आणि वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या आजाराच्या नावातला ‘सिंड्रोम’ शब्द काढून ‘निओप्लाझम’, म्हणजे अर्बुद, हा शब्द घातला, त्यामागे हेच ज्ञान आहे. रुग्णाला हे नाव ऐकून धक्का बसतो, हे खरे. पण आजाराचे स्वरूप लपवणाऱ्या नावाने त्याचे भले होत होते, असेही नाही.

बिघडणाऱ्या जनुकांच्या कामावरून त्यांच्या काही टोळ्या पडतात. ‘टेट२’ आणि ‘डीएनएमटी३ए’ ही जनुके डीएनएवर कोणत्या खुणा असाव्यात हे ठरवतात. ‘एएसएक्सएल१’ आणि ‘ईझेडएच२’ डीएनएची गुंडाळी सैल ठेवायची की घट्ट, हे पाहतात. सर्वांत मोठी टोळी कातरकाम करणाऱ्यांची. जनुकातला संदेश नकलून घेतल्यावर त्यातले अनावश्यक तुकडे कापून उरलेले जोडावे लागतात, तेव्हा प्रथिन नीट तयार होते. ही कात्री चालवणारी ‘एसएफ३बी१’, ‘एसआरएसएफ२’, ‘यू२एएफ१’ यांसारखी जनुके एमडीएसच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत बिघडलेली असतात. हे बदल साधारणपणे आधी येतात आणि वर्षानुवर्षे मुरतात. ‘एफएलटी३’ किंवा ‘रास’ घराण्यातली, पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देणारी जनुके बहुधा उशिरा बिघडतात. ती दिसू लागली की ल्युकेमिया दाराशी आला, असे समजायला जागा असते.

यातले ‘एसएफ३बी१’ तर लोहाच्या गोळ्यांवर भाष्यच करते. २०११ मध्ये ब्रिटन आणि जपानमधल्या संशोधकांना स्वतंत्रपणे ते सापडले. हे जनुक बिघडले की तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत लोह पोहोचते, पण त्याचा वापर होत नाही. ते पेशीकेंद्राभोवती कड्यासारखे साचून राहते आणि विशिष्ट रंग दिल्यावर निळ्या ठिपक्यांची माळ दिसते. अशा माणसाला महिनोन्‌महिने लोह देणे म्हणजे भरलेल्या रांजणात पाणी ओतणे. त्यात दर बाटली रक्तागणिक दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची वाट शरीरापाशी नाही. ते हृदयात, यकृतात साठत जाते. गंमत अशी की एमडीएसच्या जनुकांत ‘एसएफ३बी१’ हे त्यातल्या त्यात सौम्य. हा एकच बदल असेल तर रुग्ण वर्षानुवर्षे ल्युकेमियाविना राहू शकतो. लस्पॅटरसेप्ट हे रक्ताची गरज कमी करणारे औषध अमेरिकेत एमडीएससाठी २०२० मध्ये मान्य झाले, तेही आधी याच कड्यांच्या प्रकारासाठी. अशा रुग्णाला घाबरवून घाईने प्रत्यारोपणाच्या टेबलावर नेणे, हाही निदानातला दोषच.

दुसऱ्या टोकाला ‘टीपी५३’ आहे. पेशीचा डीएनए बिघडला की तिला थांबवणारा किंवा मरायला लावणारा हा पहारेकरी. त्याच्या दोन प्रती असतात. २०२० मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की एकच प्रत बिघडलेल्यांची गत इतरांसारखीच असते. दोन्ही गेल्या की आजार झपाट्याने उलटतो आणि उपचारांना दाद देत नाही. स्तनाच्या किंवा अन्य कर्करोगासाठी केमोथेरपी घेतलेल्यांत काही वर्षांनी होणाऱ्या एमडीएसमध्ये हे जनुक बरेचदा बिघडलेले दिसते. केमोथेरपीने तो बदल घडवला, असाच समज होता. पण २०१५ मध्ये सेंट लुइसच्याच शास्त्रज्ञांनी काही रुग्णांचे केमोथेरपीच्या आधीचे जुने नमुने शोधून काढले, तेव्हा ती बिघडलेली पेशी त्यांत अगोदरच, अगदी नगण्य संख्येने, बसलेली आढळली. औषधाने तिच्या शेजारणी मारल्या आणि ती तगली, एवढेच.

जनुके वाचून रुग्णाच्या हाती काय पडते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे एक ठोस उत्तर २०२२ मध्ये मिळाले. जगभरातल्या २,९५७ रुग्णांच्या नमुन्यांवरून आजाराचा धोका मोजण्याची नवी पद्धत तयार झाली. त्यांच्यापैकी ९४ टक्क्यांत कोणता ना कोणता जनुकीय किंवा गुणसूत्रीय बिघाड होता. जुन्या पद्धतीत पेशींची संख्या, ब्लास्ट आणि गुणसूत्रे एवढेच पाहिले जाई. त्यात ३१ जनुकांची भर घातल्यावर ४६ टक्के रुग्णांचा धोक्याचा गट बदलला. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांना आधी सांगितलेले भाकीत कमी-अधिक चुकीचे होते. प्रत्यारोपण आत्ता करायचे की थांबायचे, हा निर्णय या गटावरच ठरतो. आणि प्रत्यारोपण हाच या आजारातला आजचा एकमेव मुळावरचा उपाय आहे, ज्यात उपचारानेच जीव जाण्याची जोखीम खरी आहे. हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नसतो.

औषधांच्या बाबतीत मात्र चित्र विरळ आहे, आणि ते रंगवून सांगू नये. पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला प्रकार १९७४ मध्ये बेल्जियममध्ये ओळखला गेला. थॅलिडोमाइडच्या कुळातल्या लेनालिडोमाइडच्या गोळीने अशा १४८ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांची रक्त चढवण्यापासून सुटका झाली, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आयडीएच१’ बिघडलेल्यांसाठी एक औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. पण बहुसंख्य जोखमीच्या रुग्णांसाठी आजही ॲझासिटिडिनच आहे, जे भारतात जेनेरिक स्वरूपात मिळते. २००९ च्या ज्या चाचणीने ते प्रस्थापित झाले, तिच्यात रुग्णांचे मध्यम आयुर्मान १५ महिन्यांवरून साडेचोवीस महिन्यांवर गेले. नऊ-साडेनऊ महिने. दोन्ही प्रती गेलेल्या ‘टीपी५३’साठी तर अनेक आशादायक रेणू आले आणि शेवटच्या चाचणीत पडले.

जनुकचाचणीचा एक उपयोग मात्र रुग्णापलीकडे, घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंत जातो. बहुतेक वेळा हे बदल वाढत्या वयात मज्जेतच घडलेले असतात, आई-वडिलांकडून आलेले नसतात. पण काही घरांत ते जन्मजात असतात. ‘डीडीएक्स४१’ हे जनुक त्यात फसवे, कारण ते घेऊन जन्मलेला माणूस साठीपर्यंत ठणठणीत राहतो आणि आनुवंशिकतेची शंकाच कोणाला येत नाही. अशा वेळी प्रत्यारोपणासाठी पुढे आलेल्या भावात किंवा बहिणीत तोच दोष असू शकतो, आणि तीच मज्जा रुग्णाला दिली जाते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया पाहावा लागतो. अंगठ्याची ठेवण वेगळी, उंची कमी, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे डाग अशा खुणा असतील किंवा नसतीलही, पण पेशींना नेहमीच्या मात्रेतली केमोथेरपी सोसत नाही. हे न ओळखता केलेले प्रत्यारोपण जिवावर बेतते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने या आजाराच्या निदानात वर्षानुवर्षे काम केले आहे. भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवातही १९८३ मध्ये परळच्याच टाटा रुग्णालयात झाली. कौशल्य महाराष्ट्रात आहे, ते परळ-खारघरच्या पलीकडे फारसे पोहोचलेले नाही.

याच विषयाला दुसरी, उथळ बाजूही फुटू लागली आहे. सर्वांगीण आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत जनुक तपासणीचे ताट वाढले जात आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ‘डीएनएमटी३ए’ किंवा ‘टेट२’चा बदल सापडला तर काय? २०१४ मध्ये १७ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसले, की चाळिशीच्या आत असे बदल विरळ असतात, पण सत्तर ते एकोणऐंशी या वयात साधारण दहात एकाच्या रक्तात ते आढळतात. त्यांच्यापैकी वर्षाला अर्धा ते एक टक्काच लोकांना रक्ताचा कर्करोग होतो. हृदयविकाराचा धोका वाढतो, पण त्यावरचा सल्ला तोच राहतो: रक्तदाब, साखर, धूम्रपान. रक्तातल्या पेशी पूर्ण नॉर्मल असताना हौसेने केलेली ही चाचणी आजोबांच्या उरलेल्या वर्षांत निष्कारण भीती घालते. जी चाचणी गडचिरोलीत रक्त चढवून चढवून थकलेल्या रुग्णाला मिळत नाही, ती पुण्या-मुंबईच्या निरोगी ग्राहकाला विकली जाते, हा बाजाराचा न्याय आहे.

हा न्याय बदलण्यासाठी फार मोठे काही उभारायला नको. जिल्हा रुग्णालयात जनुकवाचनाचे यंत्र बसवण्याची गरज नाही. ते सांभाळायला माणसे मिळणार नाहीत आणि यंत्र आच्छादनाखाली धूळ खात पडेल, हे वेगळे सांगायला नको. जिल्ह्यात हवे ते काच-पट्टीवर रक्ताचा नीट थर देऊन तो वाचणारे डोळे, बी १२ ची खात्रीशीर तपासणी आणि मज्जेचा नमुना काढू शकणारा एक डॉक्टर. हिमोग्लोबिनसोबत एमसीव्हीही वाचायचा आणि तीन महिन्यांच्या गोळ्यांनी फरक पडला नाही तर रुग्ण पुढे पाठवायचा, एवढी एका पानाची सूचना सार्वजनिक आरोग्य विभाग उद्या काढू शकतो. पुढचे काम नमुन्याने करायचे असते, रुग्णाने नव्हे. या आजारातले बहुतेक जनुकीय बदल हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातही सापडतात आणि रक्ताची कुपी कुरिअरने जाऊ शकते.

प्रश्न पैशांचा राहतो. ३०-४० जनुकांची चाचणी आजही हजारो रुपयांच्या घरात आहे आणि पंधरा दिवसांच्या रोजंदारीपेक्षा ती महाग पडते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने अनेक रुग्णालयांच्या वतीने एकत्र बोली लावून कर्करोगाच्या औषधांचे दर खाली आणून दाखवले आहेत. औषधांबाबत जे जमले ते चाचण्यांबाबत का जमू नये? राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेने मज्जेची, गुणसूत्रांची आणि जनुकांची तपासणी उपचाराइतकीच हक्काची मानली, तर ज्याला प्रत्यारोपणाची गरज नाही त्याचे लाखो रुपये आणि कदाचित जीव वाचेल. ज्याला गरज आहे, त्याच्या भावा-बहिणीचे रक्त जुळते का हे पाहण्याचे काम ब्लास्ट १८ टक्क्यांवर जाण्याची वाट न पाहता, ते ४ टक्के असतानाच सुरू करता येईल.